बाबांच्या जंतूचा जीनोम काढलाय म्हणे, त्याचा अर्थ कोणी सांगेल का?

तलावपाळीकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत बाबांना ठाण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात ॲडमिट केलं होतं. नाव लिहीत नाही, कृपया विचारूही नका. वय ७४, शुगर जुनी, प्रोस्टेटचा त्रास, त्यात लघवीचं इन्फेक्शन होऊन ते रक्तात उतरलं. त्याआधी चार दिवस घराजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये होते, तिथे कॅथेटर घातलेला, सलाईन आणि इंजेक्शनं चालू, पण ताप हटेना म्हणून इकडे हलवलं. इकडे आल्या आल्या कल्चर घेतलं ते 'नो ग्रोथ' आलं, म्हणाले आधीच अँटिबायोटिक चालू होतं ना, म्हणून काही उगवलं नाही. दोन दिवस जरा बरे वाटले आणि सहाव्या दिवशी परत हुडहुडी भरून ताप. परत कल्चर. यावेळी उगवलं.

तो रिपोर्ट माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे. वर नाव क्लेबसिएला न्यूमोनिए, खाली औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू पडत नाही. ॲमिकासिन आर, सेफ्ट्रायक्झोन आर, मेरोपेनेमसुद्धा आर. एकट्या कोलिस्टिनसमोर आय. नापास पोराच्या प्रगतिपुस्तकासारखा कागद.

आता मुद्द्याचं. शेजारच्या बेडवर एक काका होते, त्यांच्या मुलाशी कॅन्टीनमध्ये ओळख झाली, त्याने सांगितलं की त्यांनाही हाच जंतू, आमच्या आधी चार दिवस. झालं, माझं डोकं फिरलं. कारण आदल्या रात्री मी काचेतून स्वतः बघितलेलं की सिस्टर त्या काकांची युरीनची पिशवी रिकामी करून तशीच बाबांच्या बेडकडे आली, ग्लोव्ह्ज बदलले की नाही ते काही दिसलं नाही पण मी ठरवून टाकलं की नाहीच बदलले. त्या रात्री त्या पोरीला मी नको नको ते बोललो. बावीस-तेवीस वर्षांची असेल, काही बोलली नाही, नुसती उभी राहिली.

पुढे त्यांच्या मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी एक कन्सेंट फॉर्म आणला, एका अभ्यासासाठी जंतूचा जीनोम काढणार होते. लिफ्टजवळच्या बाकड्यावर बसून न वाचता सही केली. बाबा मार्चमध्ये घरी आले, आता काठी घेऊन खालपर्यंत जातात.

परवा ओपीडीला गेलो तेव्हा मॅडम भेटल्या. म्हणाल्या पाच पेशंटचे जंतू वाचले, त्यातले तीन एकमेकांशी जुळले, तुमच्या वडिलांचा जुळत नाही, वेगळाच आहे. माझ्या हट्टापायी ओपीडीच्या कागदामागे पेनाने लिहून दिलं: बाबा – एसटी१४७, एनडीएम-५. ते तिघे – एसटी२३१, ओएक्सए-२३२. शेजारच्या काकांच्या मुलाला विचारलं तर त्यांचा त्या तिघांत आहे.

म्हणजे बाबांना तिथे लागलंच नाही का? आणि हे वाचतात तरी कसं? यात चूक होऊ शकते का?

चहाबाज

एसटी१४७ म्हटल्यावर मला वाटलं खोपट डेपोतून सुटते. सॉरी. बाबा घरी आले हे बेस्ट झालं.

बेसपेअर

महापेला याच कामात आहे, मशीनमधून निघालेला डेटा कॉम्प्युटरवर सोडवत बसायचं ही माझी नोकरी, त्यामुळे राहवत नाही.

कोविडच्या वेळी 'नमुने जिनोम सिक्वेन्सिंगसाठी पुण्याला पाठवले' हे रोज बातम्यांत ऐकलंच असेल. हे तेच, फक्त तो विषाणू जेमतेम ३० हजार अक्षरांचा आणि क्लेबसिएला साधारण ५५ लाखांची. पद्धत अशी की प्लेटवर उगवलेल्या जंतूंचा एक ठिपका उचलायचा, त्यातला डीएनए काढायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि मशीन प्रत्येक तुकड्याची दीडशेक अक्षरं वाचतं. असे लाखो तुकडे. मग ते जुळवायचे. समजा आरतीसंग्रहाच्या शंभर प्रती फाडून चिटोरे केले आणि तुम्हाला सांगितलं की आता पुस्तक परत लावा. बरंचसं लागतं, कारण एकाच ओळीचे अनेक चिटोरे थोडे थोडे एकमेकांवर येतात. पण अर्ध्या आरत्यांचं ध्रुवपद सारखंच, मग तो चिटोरा नक्की कुठल्या आरतीतला? तिथे अडतं. हे ध्रुवपद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एनडीएम आणि ओएक्सए ही मेरोपेनेमसारखी औषधं फोडणारी एन्झाइम, पुढचा आकडा म्हणजे त्यांचा प्रकार. एसटी म्हणजे घराणं म्हणा. सात ठरावीक जीन बघून क्लेबसिएलाला एक नंबर देतात. १४७ आणि २३१ ही दोन्ही घराणी आपल्याकडच्या हॉस्पिटलांत नेहमीची, त्यात नवल काही नाही. पण नुसतं घराणं जुळून भागत नाही, देशपांडे काय गल्लोगल्ली आहेत. खरी तुलना अख्ख्या जीनोमची, अक्षराला अक्षर. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे नुकताच गेलेला जंतू असेल तर दोघांत अगदी मोजक्या अक्षरांचा फरक पडतो, क्लेबसिएलात साधारण वीस-पंचवीसच्या आत असेल तर आम्ही कान टवकारतो. घराणंच वेगळं म्हणजे फरक हजारोंनी. तेव्हा शेजारच्या काकांचा जंतू उठून बाबांच्या अंगात गेला, हे नाही.

पण 'तिथे लागलंच नाही' असंही यातून निघत नाही हं. पाच जणांचेच वाचलेत. सहावा कोणी असेल, नर्सिंग होममधला कोणी असेल, कॅथेटर तिथेच घातला होता ना? तिथला एकही नमुना नाही. जीनोम नात्यागोत्याचं सांगतो, आणि तेही ज्यांचे नमुने फ्रीजमध्ये आहेत त्यांच्यापुरतंच.

चुकीबद्दल विचारलंत तर वाचनात चूक क्वचित, निवडण्यात जास्त. प्लेटवरून एकच ठिपका उचलतात. पेशंटच्या पोटात दोन घराणी नांदत असतील तर दुसरं राहून जातं.

पेट्रीडिश

खारघरला राहतो, मायक्रोबायोलॉजीत एमडी करतोय. त्या 'आय' बद्दल सांगतो कारण नातेवाईक हमखास विचारतात. आमच्या लॅबमध्ये जी अमेरिकन मानकं वापरतात त्यात २०२० पासून कोलिस्टिनला 'एस', म्हणजे औषध लागू पडतं, हा शेराच नाही. आय किंवा आर. म्हणजे पहिला नंबर आला तरी सेकंड क्लास. औषध बेभरवशाचं आणि किडनीला त्रासदायक, म्हणून तो शेरा काढून टाकला.

बाबांना शेवटी काय दिलं होतं?

तलावपाळीकर

@पेट्रीडिश बिलात बघून सांगतो... सेफ्टाझिडीम-ॲविबॅक्टम आणि ॲझट्रिओनाम, दोन्ही एकदम. बिलाचं बोलूच नका.

पेट्रीडिश

बरोबर दिलंय. एनडीएम हे एन्झाइम पोटात जस्त धरून बसतं आणि ॲविबॅक्टमला अजिबात दाद देत नाही. ॲझट्रिओनाम मात्र एनडीएमला फोडता येत नाही, पण त्याच जंतूकडे दुसरी एन्झाइम असतात ती ॲझट्रिओनामचा फडशा पाडतात. म्हणून जोडीने द्यायचं, ॲविबॅक्टम त्या दुसऱ्यांना गेटवर बोलण्यात गुंतवतो तोवर ॲझट्रिओनाम जिन्याने वर.

मधुकर_नौपाडा

ह्या एनडीएममधला एनडी म्हणजे न्यू दिल्ली हे किती जणांना ठाऊक आहे? २००८ साली स्वीडनमधल्या एका पेशंटमध्ये सापडला आणि नाव आपल्या राजधानीचं. ह्याला बदनामी म्हणतात. त्या वेळी संसदेत गदारोळ झाला होता, चांगलं आठवतंय मला.

बेसपेअर

काका, राग समजतो, पण तो पेशंट भारतीय वंशाचा होता आणि त्याआधी दिल्लीतल्या हॉस्पिटलात राहून गेला होता. शिवाय या खात्यात गावाचं नाव द्यायची रीतच आहे हो. अशीच दुसरी एन्झाइम बघा, व्हीआयएममधला व्ही म्हणजे इटलीतलं व्हेरोना, एसपीएम म्हणजे साओ पाउलो, एसआयएममधला एस म्हणजे सेऊल. तरी २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती. पण त्याच वर्षी दिल्लीतले पाण्याचे नमुने तपासलेले आठवतायत का? नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यात साचलेल्या, झिरपणाऱ्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ मध्ये हा जीन मिळाला. नावावर भांडता भांडता ते बाजूलाच राहिलं.

मधुकर_नौपाडा

आकडे माहीत नव्हते. तरी नाव चूकच.

स्पष्टवक्ता

हे सगळं ठीक आहे हो पण एवढे पैसे सिक्वेन्सिंगवर घालायचे कशाला, हात धुवा म्हणावं सगळ्यांनी, १८४७ मध्ये डॉक्टर सेमेलवाइसने व्हिएन्नात सांगून ठेवलंय, त्याला काय जीनोम लागला होता का? इकडे आयसीयूत साबण संपलेला असतो आणि चालले डीएनए वाचायला. उद्या त्या रिपोर्टचे पण वेगळे पैसे लावतील बिलात.

सिस्टर_कळवा

मी बोलू का? सरकारी, खाजगी मिळून सतरा वर्षं आयसीयू केलंय.

साबण असतो. वेळ नसतो. कागदावर व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक नर्स हवी, रात्रीला एकीकडे तीन असतात, त्यातला एक ट्यूब ओढतोय, दुसऱ्याचा पंप बोंबलतोय, तिसऱ्याचं बीपी पडतंय. पेशंटला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर दर वेळी हात चोळायचे तर नीट चोळायला वीस-तीस सेकंद लागतात, ड्युटीत असे किती वेळा हात लागत असतील तुम्हीच मोजा. आम्ही चोळतो. प्रत्येक वेळी होतं का, तर नाही, खोटं कशाला बोलू.

आणि सिंक. लोकांना वाटतं सिंक म्हणजे स्वच्छतेची जागा. आमच्या एका जुन्या ठिकाणी नळाची धार सरळ जाळीवर पडायची, बाजूलाच ड्रेसिंगची ट्रॉली. उडालेलं पाणी कुठे जातं ते स्टीलच्या ट्रेवर सकाळी उन्हात दिसायचं, वाळलेले पांढरे ठिपके. इन्फेक्शन कंट्रोलच्या मॅडमने त्या ड्रेनमधून स्वॅब घेतला, तिथे हाच तुमचा क्लेबसिएला. ट्रॉली चार फूट सरकवली, नळाचं तोंड फिरवलं, एवढंच.

तलावपाळीकर दादा, त्या मुलीचं वाईट वाटलं. आम्हाला सवय असते पण पहिल्या वर्षी नसते.

बेसपेअर

@स्पष्टवक्ता हात धुण्याला जीनोम हा पर्याय नाहीच. पण कुठल्या दाराला कुलूप लावायचं हे कळायला लागतो. अमेरिकेत बेथेस्डाला सरकारी संशोधन हॉस्पिटल आहे, एनआयएचचं. जून २०११ मध्ये तिथे न्यूयॉर्कहून एक पेशंट आली, तिच्यात असाच क्लेबसिएला. माहीत होतं त्यांना, वेगळं ठेवलं, सगळं केलं, जुलैमध्ये ती घरी गेली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या पेशंटमध्ये जंतू. मधे कोणी नाही, तेव्हा हा बाहेरून आलेला असणार असं वाटायला जागा होतीच. मग एकामागून एक लागत गेले, एकूण १८ जण, ११ गेले, त्यातले ६ या जंतूमुळे. जीनोम वाचले तेव्हा कळलं की सगळे त्या पहिल्या बाईंकडूनच, आणि एकदा नव्हे, तीन वेगवेगळ्या वेळी निसटलेला. मधली माणसं जंतू पोटात घेऊन फिरत होती, ना ताप ना काही. शिवाय साफ केलेल्या व्हेंटिलेटरवर आणि सिंकच्या ड्रेनमध्येही तो मिळाला. सिस्टरताई म्हणतायत तेच.

यातली गोची बघा, आजारी पडल्याचा क्रम आणि लागण झाल्याचा क्रम एक नसतो. 'त्यांना आमच्या आधी चार दिवस' यावर केस उभी राहत नाही.

घणसोलीचा_केमिस्ट

शिव्या घालणार असाल तर आधीच हेल्मेट घातलंय.

शेड्यूल एच-१, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिक वगैरे औषधांच्या विक्रीचा नियम, आल्यापासून, म्हणजे २०१४ पासून, आमच्याकडे वेगळं रजिस्टर आहे. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध किती दिलं. मी भरतो. पण काउंटरला माणूस येतो, चिठ्ठीवर पाच दिवसांच्या दहा गोळ्या, म्हणतो चारच द्या, बरं वाटलं तर बाकीच्या कशाला. नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातो. दुसरा येतो नुसती कापलेली स्ट्रिप घेऊन, नाव अर्धं उडालेलं, मागची लाल रेघ तेवढी शाबूत, 'ही द्या'. ती लाल रेघ विनाचिठ्ठी घेऊ नका म्हणून छापलीये. लोकांना वाटतं रेघ आहे म्हणजे पॉवरफुल.

तलावपाळीकर

@सिस्टर_कळवा ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. माफी मागायची आहे, पण ती आता त्या हॉस्पिटलात नाही, चौकशी केली.

@केमिस्ट साहेब, तुमचं वाचून काल बाबांचं कपाट उघडलं. श्रीखंडाचा रिकामा डबा आहे एक, त्यात औषधं ठेवतात. त्यात सेफिक्झिमच्या तीन अर्धवट स्ट्रिपा, नॉरफ्लॉक्सची एक, एकीची एक्स्पायरी २०२१ ची, आणि प्रत्येकीवर बाबांच्या सुंदर अक्षरात स्केचपेनने 'लघवी' असं लिहिलेलं. म्हणजे त्रास झाला की डब्यातून दोन गोळ्या, थांबला की डबा बंद. विचारलं तर म्हणाले वाया कशाला घालवायच्या. सात-आठ वर्षं चाललंय हे आणि आम्हाला पत्ता नाही.

मग मीच विचार करत बसलो की हा जंतू कदाचित यांच्या डब्यातच घडला.

पेट्रीडिश

तसं अगदी नाही हो. एनडीएम घरी बसून गोळ्या खाऊन तयार होत नाही, तो जीन कुठून तरी आयता यावा लागतो, अन्नपाण्यातून, हॉस्पिटलातून. पण डब्यातल्या गोळ्या आतड्यातले साधे जंतू मारतात आणि आलेल्या पाहुण्याला ऐसपैस जागा करून देतात. तसे कितीतरी जण महिनोन्‌महिने हा पोटात बाळगून असतात, लघवीत, रक्तात उतरेपर्यंत कळतही नाही.

बेसपेअर

एक विचारायचं राहिलं होतं. त्या तिघांच्या नावापुढे मॅडमनी फक्त ओएक्सए-२३२ लिहिलं. त्यांच्यात एनडीएम-५ आहे का, विचाराल?

कारण असं की हे जीन बहुतेक वेळा जंतूच्या मुख्य डीएनएवर नसतात, प्लास्मिड नावाच्या छोट्या गोल कड्यांवर असतात, आणि जंतू ती कडी एकमेकांना देतात. घराणं वेगळं असलं तरी देतात. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्याने आपल्या पासाची झेरॉक्स काढून शेजाऱ्याला द्यावी तसं, माणूस वेगळा पण पास तोच, आणि देणाऱ्याचा पासही त्याच्याकडेच. तेव्हा 'घराणं जुळत नाही' म्हणून संबंधच नाही असं मी वर जरा ठासून लिहिलं, ते अर्धंच आहे.

चहाबाज

म्हणजे आता बिनतिकिटाचे पण आले. टीसी कुठाय?

तलावपाळीकर

आज गेलो होतो. आधी मॅडम सांगायला तयार नव्हत्या, बरोबरच आहे, दुसऱ्यांचे रिपोर्ट. मग एवढंच बोलल्या: तिघांपैकी एकात एनडीएम-५ आहे, दोघांत नाही. कोणात ते सांगणार नाही.

बेसपेअर

हं. तिघं एकाच साखळीतले, दोघांत नाही आणि एकात आहे, म्हणजे त्या एकाच्या जंतूला एनडीएम मागाहून मिळालं असण्याची शक्यता बरीच. कुठून, तर त्या वेळी ज्याच्याकडे होतं त्याच्याकडून. उलटंही असू शकतं, आधी तिघांतही होतं आणि दोघांनी गमावलं, कडी गळूनही पडते.

हे छोट्या तुकड्यांवरून ठरवता येत नाही. ध्रुवपदाचं म्हटलं होतं ना, प्लास्मिडवर तीच ती ओळ इतक्या वेळा येते की कडी पूर्ण जुळतच नाही, तुटक तुकडे राहतात. त्याला नॅनोपोरसारखं लांब वाचणारं मशीन हवं, ते हजारो अक्षरं एका दमात वाचतं, मग कडीला कडी लावून बघता येते. केलंय का त्यांनी?

तलावपाळीकर

पाठवलंय म्हणाल्या. अजून आलं नाही.

बेसपेअर, मी सरळच विचारतो. म्हणजे आमच्या बाबांकडून त्यांच्यातल्या कोणाकडे तरी गेलं असेल, असं म्हणताय ना?

बेसपेअर

असू शकतं, एवढंच म्हणतोय. नर्सिंग होमपासून बाबांच्या पोटात असेल, तिथून पुढे. किंवा दोघांनाही त्याच सिंकमधून. कड्या जुळल्या तरी दिशा लगेच कळेल असं नाही.

सिस्टर_कळवा

दादा, तुमच्या बाबांनी कोणाला दिलं नाही. ते बेडवर झोपलेले होते.

तलावपाळीकर

हो ताई.

त्या शेजारच्या काकांचा मुलगा अजून मेसेज करतो. त्याचे बाबा मेमध्ये परत ॲडमिट होते, आता घरी आहेत, बेडवरच. त्या रात्री मी सिस्टरवर ओरडत होतो तेव्हा तो माझ्या बाजूने उभा राहिला होता, 'बरोबर बोलतायत हे' म्हणून. काल त्याचा मेसेज आला, जीनोमचं पुढे काही कळलं का, तुमच्या वडिलांचा वेगळा आला ना, मग त्यांना कुठून लागलं? तीन वेळा टाईप केलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं की अजून एक रिपोर्ट यायचाय, आला की फोन करतो.